अर्धलीनं दिलेल्या गोगलगायी

सकाळी सहा वाजता कचरू साळवे यांनी मला घरमालक सूर्यभानच्या ओसरीवर ठेवलं आणि ते गावाकडे निघाले. साल १९७८, महिना ऑगस्टचा. गारखेड्याच्या त्या गल्लीत तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते. माझ्या आत ओलसर माती होती, काकडीची चकती होती आणि दोन मोठ्या गोगलगायी होत्या.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे. जे मी स्वतः पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगेन. जे कानावर आलं ते ऐकलं म्हणून सांगेन. पेटीला जागा सोडून जाता येत नाही, त्यामुळे ऐकलेलंच जास्त आहे.

माझा जन्म शहागंजातला. एका काचवाल्याने पत्र्याच्या चौकटीत चार काचा बसवल्या, फटींत लांबी भरली आणि मला एका चहाच्या हॉटेलात विकलं. तिथे मी नानकटाई आणि खारी सांभाळायची. माझ्याकडे बोट दाखवून लोक म्हणायचे, "वो दो." मला वाटायचं, हे माझंच कौतुक चाललं आहे. पुढे माझी एक काच तडकली, मुंग्या आत शिरू लागल्या, आणि मला मागच्या दारी टाकण्यात आलं. तिथून कचरू मला घेऊन आले.

कचरू विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत होते आणि सूर्यभानच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. त्यांनी तडा बुजवला, वर बारीक जाळीचं झाकण केलं आणि दोन शंखी गोगलगायी आणून ठेवल्या. एक मुंबईच्या बागेतली, दुसरी भलत्याच गावच्या रोपवाटिकेतली. एकाच ठिकाणच्या दोन आणायचं त्यांनी मुद्दाम टाळलं होतं. शंख कसा वाढतो, याचा त्यांना अभ्यास करायचा होता.

तोवर मी फक्त बिस्किटं पाहिली होती. जिवंत वस्तू माझ्या काचेवर चढते, तिचा पाय पोटाच्या जागी असतो आणि तो लाटांसारखा हलतो, हे मला नवं होतं. डोळे शिंगांच्या टोकाला. बोट लावलं की शिंग आत, थोड्या वेळाने पुन्हा बाहेर. काकडी खाताना कान दिला तर किसणीसारखा बारीक आवाज येतो. कचरू अंड्यांची टरफलं वाळवून, कुटून आत टाकत. शंखाला ते लागतं. पानाचा चुना मात्र नाही, तो त्यांचं अंग भाजतो. पेटीत हात घातला की ते साबणाने हात धुवायचे, आधीही आणि नंतरही.

त्या महिन्यात शहर बिथरलेलं होतं. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाला होता, आणि त्यावरून मराठवाड्यात ठिकठिकाणी बौद्ध वस्त्यांवर हल्ले होत होते. कचरूंच्या गावातल्या बौद्ध वस्तीतही घरं जाळल्याची खबर आदल्या संध्याकाळी आली. त्यांचं घर त्यांत आहे का, ते खबर आणणाऱ्याला माहीत नव्हतं.

म्हणून सकाळी सहा वाजता ते मला ओसरीवर ठेवून निघाले. सूर्यभानची बायको मंजुळाबाई आणि मुलगी द्वारका तिथे उभ्या होत्या. द्वारका तेव्हा सातवीत होती.

"मावशी, एकच गोष्ट ध्यानात ठेवा," कचरू म्हणाले. "मातीत पांढरी अंडी दिसली की त्याच दिवशी काढून उकळत्या पाण्यात टाका. नव्या अंड्यात जीव धरलेला नसतो. थांबलात तर धरंल."

"आन् ह्यातला नर कोणता?" द्वारकाने विचारलं.

"दोन्हीबी दोन्ही असतात."

"म्हंजे?"

"म्हंजे दोघीबी आई आन् दोघीबी बाप."

"अगं बया!" मंजुळाबाई हसली. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसणं आवरलं. "जा बाबा तू. घरच्यांचं बघ. हे मी बघते."

द्वारका त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेली. "कचरूभाऊ, ह्या दोघींना मी काय बी होऊ देणार नाय," ती म्हणाली. हे मी ऐकलं. ती मनापासून बोलत होती, याबद्दल मला शंका नाही.

अंडी महिन्याच्या आतच आली. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी, पिवळसर पांढरी, मातीत एकमेकांना चिकटलेली. मंजुळाबाईने स्टोव्हवर पाणी ठेवलं. पाणी उकळलं, आटलं, तिने पुन्हा ओतलं. अंडी मात्र माझ्यातच राहिली.

मंजुळाबाई फुलंब्रीकडच्या मेंढपाळ घरातली. वडील आणि भाऊ मेंढरं घेऊन अजून रानोमाळ फिरायचे. शेवटी तिने स्टोव्ह बंद केला.

"गाभण्या जनावराचं कुणी असं करतं का गं?" ती द्वारकाला म्हणाली. "माझ्या बापानं रात रात बसून कोकरं जगविली. माझ्या हातनं नाय व्हायचं."

"पण कचरूभाऊ म्हणले होते..."

"त्याच्या घराचं काय झालं ते त्यालाच ठाऊक. एवढं मरण चाललंय चहूकडं. आपल्या घरात जलम होतोय तर होऊ दे."

द्वारकाला हे पटलं, कारण तिलाही तेच हवं होतं. त्या सकाळी मला वाटलं, बाईचं मन मोठं आहे. आजही वाटतं. फक्त तेवढ्याने काय होतं, ते मी पुढे पाहिलं.

पिल्लं निघाली तेव्हा माझी मातीच हलते आहे असं दिसलं. एवढीशी शिंगं, एवढेसे पारदर्शक शंख. गल्लीतली पोरं माझ्याभोवती नाक टेकवून बसायची, माझी काच वाफेने धूसर व्हायची. हॉटेल सोडल्यावर माझं इतकं कौतुक झालं नव्हतं. शेजारच्या चतुराबाई कुंपणावरून म्हणाल्या, "मंजुळे, भाडेकरूची पेटी राखता राखता धनगरांनी आता गोगलगायी पाळल्या व्हय?"

"मेंढरं पळतात, वैनी," मंजुळाबाईने उत्तर दिलं. "ह्या तरी जागेवर राहतात!"

पण पाला पुरेना. सूर्यभान चिकलठाण्याच्या कंपनीत पाळीवर जायचा. येताना मंडईतली टाकलेली कोबीची पानं पिशवीत आणायचा आणि कुरकुरायचा, "कंपनीत विचारतात, सूर्यभान, घरी म्हैस घेतली का? काय सांगू, गोगलगाय म्हणून?"

तेव्हा मंजुळाबाईला अर्धल सुचली. तुमच्यापैकी काहींना हा शब्द माहीत नसेल. आपली शेळी किंवा मेंढी दुसऱ्याला पाळायला द्यायची. चारापाणी, राखण त्याची. पुढे जी पिल्लं होतील ती दोघांत निम्मी. ज्याच्याकडे जनावर नाही त्याचं दारी जनावर होतं, ज्याच्याकडे जास्त आहे त्याचा भार हलका होतो. याला अर्धलीनं देणं म्हणतात. या रिवाजावर खेड्यांत कितीतरी घरं उभी राहिली आहेत.

"अर्धलीनं देऊ," ती म्हणाली. "पोरं पाळतील, मोठ्या झाल्या की निम्मी पिल्लं आपल्याला आणून देतील."

पावसाळा सरता सरता वाटप झालं. डब्यात, मडक्यात, बुटाच्या खोक्यात. चतुराबाईंनी नाही नाही म्हणत दोन नेल्या, नातवाच्या नावाने. पलीकडच्या प्लॉटवर झोपडी करून राहिलेला, कंपनीत रोजंदारीवर जाणारा रामकिसन, त्याच्या मुलीनेही नेल्या. द्वारकाने प्रत्येकाला काकडी, टरफलं, साबण हे सगळं सांगितलं. अंड्यांचं सांगितलं नाही. कसं सांगणार? अर्धल अंड्यांवरच तर चालणार होती.

कचरूंची पत्रं क्वचित येत. घर जळालं होतं, माणसं वाचली होती. आईवडिलांना तालुक्याच्या गावी हलवून ते तिथेच काम करू लागले, मग नामांतराच्या चळवळीत गावोगाव फिरू लागले. सत्याग्रहात अटक झाली, सुटका झाली, पुन्हा अटक झाली. द्वारका उत्तरात लिहायची, "दोघी चांगल्या आहेत." ते खरं होतं. त्या दोघी चांगल्याच होत्या.

पुढच्या पावसाळ्यात अर्धल फेडायला पोरं आली. कबूल केल्याप्रमाणे निम्मी पिल्लं. काही पोरांनी प्रेमापोटी निम्म्याहून जास्त आणली. मी भरले. ज्या काचेतून ओसरी दिसायची तिथे आता चिकट पायच दिसत. माती आंबट वास मारू लागली. बाहेरून आलेली ती पिल्लं मोठी झाली, आपसांत जोड्या झाल्या, आणि हिवाळा सरता सरता त्यांचीही अंडी फुटली.

या पिल्लांत काहीतरी वेगळं होतं. मला ते आधी दिसलं, कारण ती माझ्या काचेवर चढत नव्हती. चढू लागली की गळून पडत. काहींचे शंख कागदासारखे पातळ होते, काहींचे कडेला वाकडे. खाऊनही वाढत नव्हती. रोज सकाळी काही हलेनाशी झालेली असत.

"टरफलं कमी पडत असतील," द्वारका म्हणाली आणि दुप्पट टाकू लागली. फरक पडला नाही.

मंजुळाबाई बराच वेळ माझ्यापुढे बसून होती. "कळपात असं होतं तवा मेंढा बदलत्यात," ती म्हणाली. "एकच मेंढा ठिवला की तो आपल्याच लेकींवर जातो, कोकरं नासतात. म्हणून दोन-चार वर्षांनी लांबच्या कळपातला मेंढा आणायचा. माझा बा त्यासाठी पार घाट उतरून जायचा."

"मंग ह्यांच्यात का नाय बदलला?"

"मेंढाच नाय ह्यांच्यात, तर बदलू काय? दोघीबी आई, दोघीबी बाप म्हणला ना त्यो."

चूक नेमकी कुठे झाली, हे मला त्या वाक्याने समजलं. मेंढा डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण त्याला बदलतो. गोगलगायींत वेगळा मेंढा नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही की गल्लीभर वाटलेल्या सगळ्या एकाच आईबापांच्या आहेत. अर्धलीने त्या घराबाहेर गेल्या आणि अर्धलीनेच भावंडं होऊन परत एकत्र आल्या.

उन्हाळा कडक होता. मे महिन्यात कचरू परत आले. दाढी वाढलेली, पायांना भेगा. आदल्या हिवाळ्यात नागपूरहून निघालेल्या लाँग मार्चमध्ये ते होते असं मी ऐकलं. ते ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि माझ्याकडे वळले. त्यांनी झाकण उचललं.

"मावशी, ह्या किती ठिकाणी गेल्यात?"

मंजुळाबाईने अर्धल सांगितली. लपवलं काहीच नाही. कचरूंनी डोळे मिटले, मग उघडले. रागावले नाहीत, पण मला वाटतं, रागावले असते तर द्वारकाला सोपं गेलं असतं.

"त्या लोकांकडं आता हैत का जित्या?"

"बऱ्याच मेल्या उन्हाळ्यानं," द्वारका म्हणाली. "चतुराबाई म्हणल्या, शंखाचं तोंड बंद झालं, कागदागत पापुद्रा आला. त्यांनी टाकून दिल्या."

"कुठं?"

"उकिरड्यावर."

कचरू उभे राहिले. "द्वारका, त्या मेल्या नाहीत. त्या झोपल्यात. ऊन सोसंना की त्या दार लावून घेतात आन् पाऊस पडला की उघडतात. मृग जवळ आलाय. उकिरडा शेतात जातो. एकदा का त्या शेतात उठल्या की तिथं त्यांना खाणारं कुणी नाय आन् त्या खाणार नाहीत असं पीक नाय."

द्वारकाचा चेहरा मी काचेतून पाहिला. दोन वर्षांपूर्वी फाटकाशी दिलेला शब्द दोन गोगलगायींपुरता होता. आता प्रश्न सगळ्या शिवाराचा होता, आणि पाऊस कधीही आला असता.

दुसऱ्या दिवसापासून दोघं घरोघर फिरली. कुणाकडे काय दिलं ते द्वारकाला पाठ होतं. मी ओसरीवरून ऐकत होते. चतुराबाई कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या, "मेलेल्या गोगलगायी धुंडायला एम.एस्सी. करावं लागतं व्हय रे कचरू? आन् माझा उकिरडा उकरायला तूच का?"

कचरू फावडं टेकून उभे राहिले. त्या सालात हा प्रश्न साधा नव्हता, हे गल्लीला कळत होतं.

"तुम्ही म्हणाल तर फाटकाबाहेर थांबतो, काकू. द्वारका उकरंल."

चतुराबाईंनी फाटकाची कडी काढली. "पोरीला कशाला घाणीत घालतो? ये आत. पण जाताना नीट सारखा कर, सगळा पसरून ठिवू नको."

त्यांच्या उकिरड्यातून निघालेले शंख ओल्या गोणपाटात ठेवले. संध्याकाळपर्यंत पापुद्रे फुटले आणि शिंगं बाहेर आली. चतुराबाईंनी पदर तोंडावर धरला. "अगं आई! मी जित्या फेकल्या?"

"तुम्हाला काय ठाऊक," कचरू म्हणाले.

"ठाऊक नव्हतं म्हणून काय झालं? फेकल्या त्या मीच ना," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या तीन घरी त्या स्वतः सोबत गेल्या. त्यांच्या आवाजाने सगळी दारं लवकर उघडली.

गोळा झालेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न माझ्यासमोर सुटला. चांगल्या शंखाच्या होत्या त्या वेगवेगळ्या मडक्यांत ठेवल्या. त्या शेवटपर्यंत पोसायच्या, पण त्यांची अंडी एकही ठेवायची नाहीत. ज्यांना पाय उचलता येत नव्हता, शंख अंगावर मोडत होता, त्यांना कचरूंनी एका झटक्यात संपवलं. परसात जाऊन केलं, पण लपवून केलं नाही.

द्वारका रडत होती. "पहिल्याच दिशी आईनं अंडी टाकली असती तर?"

"तर हे आज करावं लागलं नसतं."

मंजुळाबाई दारात उभी होती. "मला दया आली होती रे."

"मला कळतं, मावशी. पण ज्याला जगवायचंय त्याच्यासाठी जागा हाय का, खायला हाय का, त्याचे आईबाप धड हैत का, हे आधी बघायचं. दया तिथं करायची, जलमाच्या आधी. नंतर करायला गेलं तर ती अशी परसात करावी लागते."

त्या आठवड्यात माझ्या मातीत पुन्हा अंडी दिसली. मंजुळाबाईने पाणी उकळलं आणि या वेळी स्वतःच्या हाताने टाकली. भांडं मग बराच वेळ घासत बसली.

एक घर राहिलं होतं. रामकिसनचं. त्याची रोजंदारी सुटली होती आणि झोपडी मोडून तो बायकोमुलीसह वैजापूरला, मार्केट यार्डात हमालीला गेला होता. कचरू आणि द्वारका एस.टी.ने तिथे गेली. तिथलं मी पाहिलेलं नाही. परत आल्यावर द्वारकाने आईला सांगितलं ते असं. रामकिसनने आधी चहा पाजला. मग म्हणाला, "त्या व्हय? मेल्या होत्या ना त्या. टेम्पोत सामान भरलं, पोरगी रडाया लागली म्हणून खोकं संगं घेतलं. वास मारंल म्हणून रस्त्यानं दिलं फेकून."

"कुठं?"

"आता काय सांगू? शेतं होती दोन्हीकडं. अंधार पडला होता."

"किती होत्या?"

"लेकीला विचारा." मुलगी म्हणाली, खूप होत्या.

दोघांनी परतीच्या रस्त्यावर एस.टी.च्या खिडकीतून बाहेर पाहिलं, एवढंच. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तीन दिवसांनी पाऊस आला.

बाकीचं थोडक्यात सांगते. कचरूंनी पुढे एम.एस्सी. पूर्ण केलं. माझ्यातल्या पहिल्या दोघी आपलं आयुष्य जगून गेल्या, त्यांच्यानंतर मडक्यांतल्याही. त्यांची पिल्लं पुन्हा कुणी होऊ दिली नाहीत. गारखेड्यातले रिकामे प्लॉट भरले, वाळूजकडे कारखाने उभे राहिले. १९९४ साली विद्यापीठाला नाव मिळालं, तेव्हा मंजुळाबाईने कचरूंना घरी जेवायला बोलावलं. द्वारका शिक्षिका झाली. तिने मला माळ्यावर टाकलं, पुन्हा काढलं, वर्गात नेलं. आता ती निवृत्त आहे आणि मी तिच्या गॅलरीत आहे, रिकामी. शेजारची मुलं येतात आणि म्हणतात, "आजी, यात गोगलगाय ठेवू या." ती नाही म्हणत नाही. ती विचारते, "एक ठेवणार का दोन? दोन कुठल्या कुठल्या? अंडी आली तर त्याच दिवशी काय करणार? ते तू करणार का आईवर ढकलणार?" बहुतेक मुलं विचार करून सांगतो म्हणतात. काही खरंच विचार करून येतात. मित्रांनो, तुम्हीही या प्रश्नांची उत्तरं आधी शोधा, पेटी नंतर.

गेल्या पावसाळ्यात वैजापूर रस्त्यालगत शेती असलेले काकासाहेब नावाचे एक गृहस्थ द्वारकाकडे आले. त्यांचा मुलगा तिचा विद्यार्थी होता. त्यांनी रुमालात एक जिवंत शंखी गोगलगाय आणली होती. सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर सापडली, म्हणाले. ही कुठून आली असेल, असं त्यांनी विचारलं.

द्वारकाने त्यांना रामकिसनचं खोकं सांगितलं, सगळं. मग हेही सांगितलं की रोपवाटिकेच्या मातीतून, ट्रकच्या मालातून, आणखी कुणाच्या पेटीतूनही ती आलेली असू शकते. शंखावर घराचं नाव नसतं. कचरू आता पुण्यात असतात. त्यांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "जात तीच. वंश कुठला, ते सांगता येत नाही."

काकासाहेबांनी आपलं शेत तपासलं. आणखी दोन मिळाल्या. शेजारची शेतं अजून कुणी तपासलेली नाहीत.